कामाची पिकअप कडक हिवाळ्यातून काढायची तर

मालवाहू
नमस्कार मंडळी.

थंडीत गाडी कशी सांभाळावी यावर लिहिलेलं सापडतं, पण ते बहुतेक घर ते ऑफिस करणाऱ्या कारसाठी असतं. कामाच्या पिकअपचं दुखणं वेगळं. ती रात्रभर उघड्यावर उभी असते. सकाळी हौद्यात अवजारं, केबल, लोखंड भरून निघते, दोन-चार किलोमीटर जाते, मग इंजिन चालू ठेवून तासभर उभी राहते, परत दोन-चार किलोमीटर. मध्येच ट्रेलर ओढते, मध्येच पुढे पातं लावून बर्फ लोटते. रस्त्यावर मीठ असतंच. आणि "आज फारच गार आहे, राहू दे" म्हणायची सोय नसते.

माझी गाडी कॉमन रेल डिझेल, लॅडर फ्रेम, पार्ट-टाइम फोर व्हील ड्राइव्ह, मागे पाटे. रात्रीचं तापमान उणे २५ ते उणे ३० धरा, अधूनमधून त्याच्याही खाली.

अनुभवी लोकांकडून हे हवंय: सकाळी खात्रीनं सुरू व्हावी म्हणून आदल्या संध्याकाळी काय करता? कामाच्या जागी इंजिन तासन्‌तास चालू ठेवणं कितपत बरोबर? आणि काही हिवाळे गेल्यावरही चासी शाबूत राहावी म्हणून काय करता? बाकी आठवेल तेही लिहा. लांबलं तरी चालेल.

पानामास्तर
मालवाहू, बरं झालं धागा काढलात.

गॅरेजात हिवाळ्यात येणाऱ्या गाड्या बघून एक गोष्ट ठामपणे सांगतो. नुसत्या थंडीनं फार कमी गोष्टी मोडतात. मोडतात त्या पाण्यानं. डिझेलमधलं पाणी, ऑइलमध्ये मिसळलेलं पाणी, ब्रीदरमधली (आतली वाफ, हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतली) वाफ, ब्रेकच्या पिनांत शिरलेलं पाणी, क्राउननं (ॲक्सलमधल्या डिफरन्शियलनं) ओढून घेतलेलं पाणी, वायरिंगच्या जोडात बसलेलं मिठाचं पाणी. थंडी त्याचा बर्फ करते आणि आपण थंडीला नावं ठेवतो. म्हणून माझ्या लेखी हिवाळ्याची तयारी म्हणजे गाडीत पाणी कुठून शिरतं आणि कुठून बाहेर पडतं याचा माग काढणं.

आता ओळीनं घेतो.

इंजिन ऑइल. डब्यावरच्या आकड्यातला डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीचा. १५डब्ल्यू ऑइलची सेल्फ फिरवण्याची चाचणी उणे २० ला होते, १०डब्ल्यूची उणे २५ ला, ५डब्ल्यूची उणे ३० ला आणि ०डब्ल्यूची उणे ३५ ला. पंपानं ऑइल ओढलं जाण्याची चाचणी प्रत्येकी त्याच्या आणखी ५ अंश खाली. म्हणजे तुमच्या उणे ३० ला १५डब्ल्यू-४० घालून इंजिन कसंबसं फिरलंच, तरी पंपाला ऑइल मिळेलच असं नाही, आणि टर्बोचं बेअरिंग तेवढा वेळ कोरडं फिरतं. कंपनीच्या पुस्तकात परवानगी असेल तर सिंथेटिक ०डब्ल्यू-४०, नाहीतर ५डब्ल्यू-४०. पुढचा आकडा पुस्तकाप्रमाणेच ठेवा, तो गरम इंजिनासाठी असतो आणि ओझं ओढताना तोच कामाला येतो.

गिअर आणि क्राउनचं ऑइल लोक विसरतात. गाडी सुरू झाली, पण पहिला गिअर पडत नाही किंवा गाडी जागची हलायला जड जाते, ते ह्याच्यामुळे. ७५डब्ल्यू-९० सिंथेटिक घाला.

कूलंट. "हिरवं आहे, भरलेलं आहे" म्हणजे तपासलं असं नव्हे. इथिलीन ग्लायकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं असलं की साधारण उणे ३७ पर्यंत गोठत नाही. ६० टक्के ग्लायकॉल केलं तर उणे ५० च्या आसपास जातं. म्हणून काहीजण नुसतं ग्लायकॉल ओततात. ते करू नका. शुद्ध ग्लायकॉल उणे १३ लाच गोठतं, वर उष्णताही कमी वाहून नेतं. उन्हाळ्यात गळती झाल्यावर वरून साधं पाणी टाकत आलेल्या गाड्यांचं मिश्रण पातळ झालेलं असतं, आणि ब्लॉक फुटतो तो त्यांचाच. रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे मिश्रण किती गारव्यापर्यंत टिकेल ते दाखवणाऱ्या उपकरणावर, दोन थेंब टाकून वाचा. त्यावर इथिलीन आणि प्रॉपिलीनची पट्टी वेगवेगळी असते, आपलं कूलंट कुठलं आहे ते पाहून योग्य पट्टी वाचा.

डिझेल हा मोठा विषय आहे, संध्याकाळी लिहितो.

उत्तरवारा
तोवर बॅटरीचं मी लिहिते. गाड्यांची वायरिंग हाच माझा उद्योग.

बॅटरीवर सीसीए (कोल्ड क्रँकिंग अँपियर) असा आकडा असतो. अर्थ असा की उणे १८ अंशाला ती तेवढे अँपियर ३० सेकंद देईल आणि तोवर व्होल्टेज ७.२ च्या खाली जाणार नाही. उणे ३० ला ती त्याहून बरंच कमी देणार, आणि नेमकं त्याच वेळी जाड झालेल्या ऑइलमुळे इंजिन जास्त मागणार. त्यामुळे सीसीए कंपनीनं सांगितलंय तेवढा हवाच, ट्रेमध्ये बसत असेल तर त्याहून वरचा घ्या.

पण नवी बॅटरी घेण्याआधी केबल तपासा. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या धन खांबावर, दुसरं सेल्फच्या धन बोल्टवर धरा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्धा व्होल्टपेक्षा जास्त पडत असेल तर केबल, लग किंवा जोड खराब. तसंच ऋण खांब ते इंजिनाचा ब्लॉक, तिथे तर आणखी कमी यायला हवं. मिठाच्या रस्त्यावर चालणाऱ्या पिकअपची चासी ते इंजिन ही अर्थची पट्टी आतून हिरवी होऊन झिजलेली असते आणि वरून धडधाकट दिसते. चांगल्या बॅटऱ्या या पट्टीपायी भंगारात जातात.

दुसरं म्हणजे गार बॅटरी चार्ज घेत नाही. तुमच्या दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत, हीटरचा पंखा, मागची काच, सीटचा हीटर, दिवे सगळं चालू असताना सेल्फनं काढून घेतलेलं परत भरत नाही. ती दररोज थोडी थोडी रिकामी होत जाते. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे जेमतेम निम्मी. पूर्ण भरलेलं ॲसिड उणे ५० च्या खालीही गोठत नाही, पण पार उतरलेली बॅटरी उणे ७-८ लाच गोठू शकते. वीज मिळत असेल तिथे बॅटरीखाली किंवा भोवती गरम करणारं पॅड आणि त्याच्या जोडीला लहान चार्जर. पिकअपसाठी खर्च करायचाच तर आधी तिथे करा.

गोठलेल्या बॅटरीला जम्पर लावायचा नाही. कडा फुगलेल्या दिसल्या, आत बर्फ दिसला, किंवा गाडी हलवूनही आतलं पाणी हलत नसेल तर काढून उबेला न्या, पूर्ण वितळू द्या, भेग पडली आहे का ते पाहा. आत अडकलेला वायू ठिणगीनं फुटतो आणि ॲसिड तोंडावर येतं. हे लिहिताना मी अजिबात वाढवून सांगत नाहीये.

कोराकागद
उत्तरवारा ताई, तो हातात मावणारा लिथियमचा जम्प स्टार्टर गाडीतच ठेवला तर चालतो का? रात्री उणे २० होतं.

उत्तरवारा
रात्री आत घेऊन जा. गोठल्यावर तो हवा तेवढा प्रवाह देत नाही, आणि लिथियम सेल शून्याखाली चार्ज केले की कायमचे खराब होतात. गाडीत ठेवायचा आणि गाडीतच चार्जिंगला लावायचा, हे तर नकोच.

रात्रपाळी
मी रात्री बर्फ लोटतो. तुम्ही सांगता ते बॅटरीचं वगैरे बरोबर, पण माझा उपाय साधा आहे. उणे ३५ च्या खाली गेलं की मी इंजिन बंदच करत नाही. बंद केलं आणि चालू झालं नाही तर रस्ता बंद राहतो आणि मागे रुग्णवाहिका अडकते. डिझेलची किंमत त्यापुढे काहीच नाही.

पानामास्तर
रात्रपाळी, तुमच्या जागी मीही बंद करणार नाही. जिथे वीज नाही आणि गाडी चालू राहणं हाच कामाचा भाग आहे तिथे तेच बरोबर. पण ते कसं चालू ठेवायचं याला महत्त्व आहे, आणि मालवाहूंचा दुसरा प्रश्नही तोच आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

लिटरभर डिझेल जळलं की जवळजवळ लिटरभर पाणी तयार होतं. वाफेच्या रूपात ते सायलेन्सरमधून जातं. पण थोडा वायू पिस्टनच्या रिंगांच्या बाजूनं खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या ऑइल असलेल्या खालच्या पोकळीत, उतरतो, सोबत ही वाफही. इंजिन पूर्ण तापलेलं असेल तर ती ब्रीदरच्या नळीतून बाहेर पडते. सातशे-आठशे आरपीएमवर उणे ३० च्या वाऱ्यात उभ्या डिझेलचं इंजिन तापत नाही, उलट गार होत जातं. काट्याकडे बघा, तो खाली उतरताना दिसेल. मग वाफ आतच थिजते. ऑइल भरायच्या टोपणाखाली पिवळट फेस दिसतो तो हाच.

ब्रीदरची नळी बाहेर वाऱ्यात उघडी असेल तर तिच्या तोंडाशी बर्फाचं बूच बसतं. क्रँककेसमधला दाब वाढतो आणि सगळ्यात कमकुवत जागेतून वाट काढतो. डिपस्टिक वर उडते, नाहीतर क्रँकचं मागचं ऑइल सील निघतं. सील बदलायचं तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो. हे नुकसान एका रात्रीत होतं, आणि गाडी धावत असतानाही होऊ शकतं. म्हणून कडाक्याची थंडी पडण्याआधी ब्रीदरची नळी काढून साफ करा, लोंबणारा, पाणी साठणारा बाक राहू देऊ नका, आणि कंपनीचं इन्सुलेशन किंवा हीटर असेल तर तो चालतोय ना ते बघा.

उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवायचंच असेल तर हाय आयडलचं बटण असतं, ते वापरा. १००० ते १२०० आरपीएमवर ठेवा, आणि रेडिएटरपुढे झाकण लावा. कमी आयडलवर डिझेल पुरतं जळत नाही, काजळी डीपीएफमध्ये, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या गाळणीत, साठते, कच्चं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल "वाढलेलं" दिसलं तर आनंद मानू नका, त्यात डिझेल आलंय. अशा गाडीचं ऑइल किलोमीटर मोजून बदलू नये, इंजिनाच्या तासांवर बदलावं. आणि दिवसातून एकदा तरी गाडी ओझ्यासह चांगली अर्धा तास सलग पळवा. वाफ, कच्चं डिझेल, काजळी, तिन्ही त्यानंच जातात.

जिथे वीज आहे तिथे मात्र रात्रभर इंजिन चालू ठेवायचं काही कारण नाही. ब्लॉक हीटर लावा. निघण्याआधी तीन-चार तास पुरतात, टायमर लावून टाका. मोठ्या डिझेलचा हीटर हजार वॉटच्या आसपास असतो, त्याला लांबलचक बारीक वायर जोडली की वायर आणि प्लग तापतात, उघड्यावर वापरायची जाड वायरच हवी. ब्लॉकमध्ये कूलंट नसताना हीटर चालू केला तर काही क्षणांत जळतो. वीज नाही आणि बजेट आहे, तर डिझेलवर चालणारा कूलंट हीटर. वेबॅस्टो, एबरस्पेखर वगैरे. इंजिनाच्या तुलनेत तो अगदी थोडं डिझेल घेतो आणि कॅबिनही उबदार करतो. पण तो बॅटरीवर चालतो, म्हणजे ताईंनी वर लिहिलंय ते आधी.

रात्रपाळी
ब्रीदरचं पटलं, उद्याच काढून बघतो. आमच्याकडे एका गाडीची डिपस्टिक सारखी वर यायची आणि आम्ही तिला तारेनं बांधून ठेवली होती.

पानामास्तर
तार आजच सोडा.

मालवाहू
रात्रपाळी, पातं लावल्यावर गाडीच्या बाकी भागांचं काय करता? माझ्याकडे पातं आहे पण मी ते अधूनमधूनच लावतो.

रात्रपाळी
सगळ्यात आधी, पुढचा ॲक्सल किती वजन पेलतो ते दाराच्या चौकटीवरच्या पट्टीत वाचा. पातं पुढे लटकतं, मागचा हौदा हलका होतो. मागच्या ॲक्सलच्या मागे वजन ठेवून तोल साधावा लागतो, आणि ते घट्ट बांधायचं. सुटी वाळूची गोणी जोरात ब्रेक मारल्यावर पुढे येते.

पातं उचलून रस्त्यानं जाताना ते रेडिएटरची हवा अडवतं. उणे २० असलं तरी काटा वर चढतो. पातं तिरकं करा, थोडं खाली घ्या, आणि लांब जायचं असेल तर रेडिएटरपुढचं झाकण काढा. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पुढे-मागे, पुढे-मागे करून तापतो, म्हणून गाडी पूर्ण थांबल्याशिवाय रिव्हर्स टाकायचा नाही. उभी करताना पातं जमिनीवर टेकवा. हायड्रॉलिकचं तेल हिवाळा सुरू होण्याआधी बदला, त्यात साठलेलं पाणी गोठलं की पातं अर्ध्यावर अडकतं.

एलईडी दिव्यांबद्दल एक. जुने दिवे तापायचे, त्यांच्यावरचा बर्फ वितळायचा. एलईडीची काच थंडच राहते आणि बर्फ साठत जातो. उतरून पुसावं लागतं. मागचे दिवेसुद्धा.

पानामास्तर
आता डिझेल.

डिझेलमध्ये मेण असतं. गारव्यात त्याचे कण आधी दिसू लागतात, डिझेल धुरकट होतं, तो क्लाउड पॉइंट. आणखी गार झालं की हे कण फिल्टरच्या जाळीत अडकतात. कोणत्या तापमानापर्यंत डिझेल ठरावीक जाळीतून जाऊ शकतं, त्या आकड्याला सीएफपीपी म्हणतात. गाडी बंद पडते ती इथे, टाकीतलं डिझेल पुरतं घट्ट होण्याच्या कितीतरी आधी. युरोपच्या ईएन ५९० या मानकात अतिथंड प्रदेशांसाठी ० ते ४ असे वर्ग आहेत, ० चा सीएफपीपी उणे २० आणि ४ चा उणे ४४. म्हणजे पंपावर "हिवाळी डिझेल" लिहिलंय एवढ्यावर थांबू नका, किती अंशांपर्यंतचं आहे ते विचारा. गरम भागात भरलेली टाकी घेऊन थंड भागात कामाला जाणाऱ्या गाड्या हमखास अडकतात.

मेण जमू न देणारं औषध डिझेल उबदार आणि पातळ असतानाच टाकायचं, आधी औषध, मग त्यावर डिझेल, म्हणजे नीट मिसळतं. एकदा मेण धरल्यावर ते टाकून उपयोग नाही. तेव्हा वेगळं, वितळवणारं औषध आणि नवा फिल्टर, किंवा गाडी उबेला. त्यासाठीच एक नवा फिल्टर आणि तो काढायचा पाना गाडीत ठेवा.

रॉकेल मिसळायची जुनी पद्धत आहे. जुन्या यांत्रिक पंपांना ती चालायची. कॉमन रेलचा हाय प्रेशर पंप डिझेलच्याच वंगणावर चालतो आणि रॉकेलनं ते वंगण कमी होतं. पेट्रोल किंवा अल्कोहोल तर मुळीच नको.

फिल्टरच्या तळाशी पाणी साठतं. ते सकाळी काढायला गेलात तर बर्फ झालेलं असतं. संध्याकाळी, इंजिन गरम असताना काढा. आणि मुक्कामाला टाकी भरलेली ठेवा. रिकाम्या जागेतली दमट हवाच थंड पत्र्यावर पाणी होऊन उतरते.

गाडीला एडब्लू (धूर स्वच्छ करण्यासाठी वेगळ्या टाकीत भरायचं द्रावण) लागत असेल तर त्यात ३२.५ टक्के युरिया असतो, ते उणे ११ ला गोठतं. घाबरू नका, गाडी तरीही सुरू होते आणि टाकीतला हीटर ते हळूहळू वितळवतो. गोठताना फुगतं, म्हणून एडब्लूची टाकी काठोकाठ भरायची नाही. सुटा कॅन कॅबिनमध्ये ठेवा.

हीटर प्लगचा दिवा विझल्याशिवाय सेल्फ मारू नका. फार गार असेल तर किल्ली बंद करून दुसऱ्यांदा गरम होऊ द्या. सेल्फ १५ सेकंदांवर मारू नका, मध्ये मिनिट-दोन मिनिटं थांबा. आणि इथरचा फवारा! हीटर प्लग किंवा इनटेक हीटर असलेल्या डिझेलमध्ये तो मारला की भडका इनटेकमध्येच उडतो. पिस्टन फुटलेले पाहिलेत मी.

चढउतार
टायरांचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

तापमान दर ५-६ अंश उतरलं की हवा साधारण १ पीएसआय कमी होते. उबदार गॅरेजात भरलेली गाडी उणे २५ ला बाहेर नेली तर ७-८ पीएसआय गेलेली असते, आणि पिकअपवर ओझंही असतं. हवा बाहेरच्या थंडीत, टायर गार असताना तपासा. "बर्फात पकड यावी म्हणून हवा कमी ठेवतो" हे भरलेल्या हौद्याला धोक्याचं आहे.

उणे तापमानात साध्या टायरचं रबर कडक होतं, साधारण ७ अंशांच्या खालीच ते सुरू होतं. एम प्लस एस (चिखल आणि बर्फ) एवढंच लिहिलेलं पुरेसं समजू नका, तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असलेली खूण बघा. ती बर्फावरची चाचणी दिलेल्या टायरवरच असते. चारही चाकांना एकच प्रकार.

फोर व्हील ड्राइव्ह निघायला मदत करतं, थांबायला नाही. पार्ट-टाइम असेल तर कोरड्या रस्त्यावर लावून चालवू नका, वळताना पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीवर) पीळ बसतो. पण महिन्यातून एखाद्या वेळी तरी निसरड्यावर लावून फिरवा, म्हणजे लीव्हर, हब, मोटर जाम होत नाही. हबमध्ये जाड ग्रीस ठासलेलं असेल तर थंडीत हब गुंततच नाही आणि पुढच्या चाकांना ताकद जात नाही.

गाडी अचानक ७०-८० ला थरथरायला लागली तर बॅलन्सिंगला पळण्याआधी रिमच्या आत बघा. बर्फ किंवा चिखल एका बाजूला गोठून बसलेला असतो. काढला की थरथर गेली.

पानामास्तर
चढउतार, उत्तम. क्राउनच्या ब्रीदरचं त्यात जोडतो. पळून तापलेला क्राउन गार पाण्यात, चिखलबर्फात शिरला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर किंवा सीलमधून पाणी आत ओढलं जातं. ब्रीदर जाम असेल तर सीलमधून नक्कीच. ऑइल दुधाळ दिसलं की समजा. ब्रीदरला नळी जोडून ती वर, बॉडीच्या उंचीला नेली की प्रश्न मिटतो.

आणि हँडब्रेक. ओल्या, बर्फाळ गाडीला रात्री हँडब्रेक ओढायचा नाही, शूज ड्रमला चिकटतात. सपाट जागी, गिअरमध्ये किंवा पार्कमध्ये, चाकाला उटी लावून. मुक्कामाच्या जागी पोहोचण्याआधी शेवटचं थोडं अंतर हलका ब्रेक दाबत या, डिस्क आणि पॅड कोरडे होतात. कॅलिपरच्या पिनांना सिलिकॉनचं ग्रीस, साधं नाही, साध्यानं रबर फुगतं आणि पिन तिथेच अडकते.

लोखंडी
मालवाहूंचा तिसरा प्रश्न, चासी. मी जुन्या पिकअप पुन्हा उभ्या करतो, म्हणून कुठून सडतात ते रोज बघतो.

साधं मीठ उणे २१ पर्यंतच बर्फाला पातळ करू शकतं, तेही प्रयोगशाळेत. त्याच्याही खूप आधी ते मंदावतं. म्हणून फार थंडीत मॅग्नेशियम किंवा कॅल्शियम क्लोराइड टाकतात. ही द्रावणं हवेतला ओलावा ओढून घेतात, त्यामुळे वरून वाळल्यासारखी गाडीसुद्धा खालून ओलीच असते. लोखंडाला हेच वाईट. आणि गंज थंडीत हळू धावतो, उबेत जोरात. मीठ लागलेली गाडी न धुता रोज उबदार गॅरेजात लावणं हे उघड्यावर ठेवण्यापेक्षा वाईट आहे. धुऊन लावत असाल तर गोष्ट निराळी.

पिकअप सडते ती ह्या जागी: पाट्यांचे शॅकल आणि हँगर, फ्रेमच्या बंद चौकोनी भागांच्या आतून, हौदा आणि फ्रेम यांच्या मधला थर, मागच्या चाकांवरची कमान, ब्रेकच्या आणि डिझेलच्या लोखंडी नळ्या जिथे क्लिपमध्ये धरलेल्या आहेत तिथे. नळ्यांचं आधी बघा. ब्रेकची नळी क्लिपखाली झिजते आणि जोरात ब्रेक दाबला की त्याच क्षणी फुटते.

कडक रबरी अंडरकोटिंग मी आता कुणाला सुचवत नाही. ते भेगाळतं, भेगेतून मिठाचं पाणी आत जातं आणि बाहेर पडत नाही. वरून काळंभोर, आतून पापुद्रे. लॅनोलिनचं किंवा मेणाचं, ओलसर राहणारं लेपन दर हिवाळ्याआधी, कोरड्या आणि धुतलेल्या चासीवर. फ्रेमच्या भोकांतून लांब नळीनं आतही मारायचं. दाराखालची आणि फ्रेमची पाणी जाण्याची भोकं बुजवायची नाहीत, उलट तारेनं मोकळी करून ठेवायची. लेपन मारताना ब्रेक डिस्क, सायलेन्सर आणि रबरी बुश झाकून घ्या.

धुणं: शून्याच्या वर जाईल त्या दिवशी, किंवा उबदार जागेत जिथे नंतर वाळेल. खालून भरपूर पाणी, कमी दाबानं. जास्त दाबाची धार बेअरिंगच्या सीलवर आणि वायरिंगच्या कनेक्टरवर मारलीत तर मीठ आत ढकललंत. आणि फ्रेमच्या आतून धुवा. बाहेरून चकचकीत, आत मिठाची पेंड, हे नेहमी दिसतं.

उत्तरवारा
+१. कनेक्टरला डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा, ट्रेलरच्या सॉकेटला तर नक्कीच. मागचे दिवे जाण्याची सुरुवात तिथूनच होते.

कोराकागद
दाराचं रबर गोठून दार उघडत नाही, आणि काचा आतून बर्फाळतात. यावर काय करावं?

लोखंडी
रबर पुसून कोरडं करा आणि सिलिकॉन लावा. कुलपात गरम पाणी ओतू नका, तेच पाणी आत गोठतं. समोरच्या काचेवरही नको, तडकते.

काच आतून बर्फाळते म्हणजे कॅबिनमध्ये पाणी आहे. बुटांचा बर्फ वितळून गालिच्याखाली साठतो आणि फरशीचा पत्रा आतून सडतो, हे मी बाहेरून सडण्याइतकंच पाहतो. खोल कडांचे रबरी ट्रे घाला, ते रोज ओता. हवा आतल्या आत फिरवायचं बटण बंद ठेवा, बाहेरची कोरडी हवा घ्या.

चढउतार
एक सुरक्षेचं. बर्फात गाडी रुतली आणि उबेसाठी इंजिन चालू ठेवून आत बसायची वेळ आली तर आधी उतरून सायलेन्सरचं तोंड मोकळं करा, आणि बर्फ पडत असेल तर पुन्हा पुन्हा करा. तोंड बुजलं की धूर कॅबिनमध्ये येतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोप येतेय असं वाटतं आणि माणूस उठत नाही. फावडं हौद्यात नको, कॅबिनमध्ये ठेवा. हौद्याचं दार गोठलं तर हाताशी काय राहतं?

मालवाहू
सगळ्यांचे मनापासून आभार. वाचनखूण साठवली आहे. काल संध्याकाळी फिल्टरचं पाणी काढलं, बरंच निघालं. अर्थची पट्टी उत्तरवारा ताईंनी सांगितल्याप्रमाणे मोजली, ०.७ व्होल्ट पडत होते, नवी टाकतोय. ब्रीदरची नळी उद्या.

लोखंडीदादा, एक राहिलं. स्टेपनी हौद्याखाली केबलवर टांगलेली आहे. ती खाली येईल का याचीच खात्री वाटत नाही.

लोखंडी
हिवाळ्याआधी उतरवून बघायचीच, बहुतेकांची जाम असते. विंचच्या तोंडात भेदक तेल मारा, रात्रभर राहू द्या, मग रॉड घालून हळूहळू पुढे-मागे फिरवा. जोर लावलात तर आतला गिअर तुटतो. खाली आली की केबलचे धागे तुटलेत का बघा, तुटले असतील तर केबल बदला, नाहीतर स्टेपनी धावत्या गाडीतून मागून येणाऱ्या गाडीपुढे पडते. रिम आणि केबल दोन्हीला मेणाचं लेपन, हवा ठरलेल्या दाबापर्यंत, आणि परत वर. जॅकच्या स्क्रूला त्याच वेळी ग्रीस लावून घ्या, आणि जॅकखाली ठेवायला रुंद फळी. बर्फात जॅक आधी स्वतःच खाली जातो.